पत्र लिहिण्याचा अधिकार : नागपूरकर भोसल्यांचा राजनैतिक पत्रव्यवहार आणि मराठी गद्य

१

मराठी गद्याचा इतिहास सांगताना लीळाचरित्रापासून आरंभ करायचा, बखरींपाशी काही काळ थांबायचे आणि तेथून अव्वल इंग्रजीतील शालेय पुस्तकांकडे वळायचे, ही वाट आता चांगलीच रुळलेली आहे. या वाटेवर अठराव्या शतकातील पत्रव्यवहार लागतो. पण त्याच्यापाशी थांबण्याचे प्रयोजन वाङ्मयेतिहासकारांना क्वचितच वाटलेले दिसते. पत्रे ही इतिहासाची ‘साधने’ आणि बखरी हे ‘वाङ्मय’, अशी वाटणी पक्की होऊन बसली आहे. तिचे मूळ शोधू गेल्यास एक विसंगती नजरेस येते. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर टीका करून अस्सल समकालीन पत्रांना अग्रमान दिला. इतिहासकारांनी हा निवाडा मान्य केला. बखरी इतिहासाच्या प्रांतातून मागे सरल्या आणि जणू नुकसानभरपाई म्हणून वाङ्मयाच्या पदरात पडल्या. पत्रांना सत्याचा मान मिळाला. मात्र हा मान मिळालेल्या लेखनाकडे गद्य म्हणून पाहण्याची निकड ना इतिहासकारांना भासली, ना समीक्षकांना.

ही वाटणी किती लंगडी आहे, हे नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराशी संबंधित पत्रव्यवहाराच्या आधारे तपासून पाहता येते. राजनैतिक पत्र हा एक स्वतंत्र गद्यप्रकार आहे. त्याचे स्वतःचे संकेत आहेत. आणि त्याचे आयुष्य राज्यसत्तेच्या एका विशिष्ट अधिकाराशी, म्हणजे परदरबारी पत्र लिहिण्याच्या अधिकाराशी, बांधलेले आहे. नागपूरच्या बाबतीत हा अधिकार कसा मिळाला, कसा वापरला गेला आणि कसा गेला, याचा इतिहास साधारण अर्धशतकात मावतो. त्या अधिकाराच्या अस्ताबरोबर नागपुरात गद्याचा एक प्रकार मावळतो आणि दुसरा उगवतो. हा योगायोग मानता येत नाही.

उपलब्ध सामग्रीचे स्वरूप आधी ध्यानी घेतले पाहिजे. या. मा. काळे यांनी पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारमालेतील नागपूरविषयक पाचवा खंड १९३८ मध्ये संपादिला. नागपूर रेसिडेन्सीच्या दप्तरातील निवडक कागद एच. एन. सिन्हा यांच्या संपादनाखाली १९५० पासून नागपुरातून खंडशः निघाले. त्र्यं. शं. शेजवलकर यांनी नाना फडणिसांच्या मेणवली दप्तरातील नागपूरविषयक मराठी पत्रे १९५४ आणि १९५९ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे दोन भागांत प्रसिद्ध केली. कलकत्त्याला गेलेली फारसी पत्रे इंग्रजी सारांशाच्या रूपाने इंपीरियल रेकॉर्ड खात्याच्या सूचिखंडांत आली. या चारही संग्रहांत एक गोष्ट समान आहे. त्यांतले नागपूर हे दुसऱ्याच्या दप्तरातले नागपूर आहे. पत्र ज्याने लिहिले त्याच्याजवळ राहत नाही, ज्याला लिहिले त्याच्या घरी राहते. म्हणून नागपूरचा आवाज ऐकायचा तर तो पुण्यात, मेणवलीस आणि कलकत्त्यास ऐकावा लागतो. साधनांची ही अडचण वस्तुतः या वाङ्मयप्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण आहे. येथे लेखकापेक्षा वाचक अधिक निश्चित असतो.

२

दरबारी पत्राच्या घडणीचा विचार मायन्यापासून करावा लागतो. वडिलांनी धाकट्यास आशीर्वाद लिहावा, सेवकाने धन्यास साष्टांग नमस्कारपूर्वक विज्ञापना करावी, बरोबरीच्याने विनंती करावी, हे संकेत वरवर पाहता केवळ शिष्टाचाराचे वाटतात. नागपूर-पुणे पत्रव्यवहारात मात्र मायना हाच राजकारणाचा पहिला शब्द असे. भोसले ‘सेनासाहेबसुभा’ होते आणि हे पद त्यांना साताऱ्याच्या छत्रपतींकडून मिळालेले होते. पेशवाही छत्रपतींचाच प्रधान. एकाच धन्याच्या दोन सेवकांपैकी कोणी कोणास काय म्हणून लिहायचे, हा प्रश्न व्याकरणाने सुटणारा नव्हता. तो दर पत्रागणिक नव्याने सोडवावा लागे. मायन्यातील एका शब्दाची चढउतार मजकुरापूर्वीच मजकूर सांगून टाकीत असे.

मायन्यानंतर क्षेमवर्तमान, मग ‘विशेष’ या शब्दाने उघडणारा मुख्य मजकूर, त्याखाली गरजेनुसार पुरवणी आणि शेवटी लोभाची विनंती, अशी ही चौकट आहे. तिथी चांद्रमासाच्या ‘छ’ने दाखवायची आणि वर्ष सुहूर सनाने मोजायचे, हीही रीत ठरलेली. चौकट इतकी घट्ट असल्यामुळे तिच्यातला किंचित बदलही अर्थवाही ठरतो. नेहमीचा मजकूर मूळ पत्रात आणि नाजूक मजकूर पुरवणीत घालण्याचा प्रघात असल्यामुळे एकाच लिफाफ्यात दोन पातळ्यांचे वाचन सामावलेले असे : दरबारात वाचून दाखवण्याचे आणि एकांतात वाचण्याचे.

तथापि या गद्याचे खरे सामर्थ्य दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या पद्धतीत आहे. परदरबारी असलेल्या वकिलाचे मुख्य काम बोलणे ऐकणे आणि ते आपल्या धन्यापर्यंत अर्थहानी न होता पोहोचवणे हे होते. त्याला तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागत. समक्ष पाहिले ते, मुखजबानी कळले ते आणि बाजारात किंवा छावणीत उठलेली आवई. चूक झाली तर तिची किंमत फौजेने मोजायची असल्यामुळे प्रत्येक विधानाबरोबर त्याचा उगमही सांगणे वकिलाला भाग होते. मोडी लिपीत शब्द तोडून लिहिण्याची वा विरामचिन्हे घालण्याची रीत नव्हती. अशा अखंड वाहत्या ओळीत एकाचे बोलणे कोठे संपले आणि दुसऱ्याचे कोठे सुरू झाले, हे ‘म्हणोन’ या एका शब्दाने दाखवले जाई. आधी बोलणे आणि मागून त्याच्या कर्त्याची नोंद, अशा क्रमामुळे वाचणाऱ्याच्या कानी प्रथम शब्द पडत आणि नंतर त्या शब्दांची जबाबदारी कोणाची हे कळे.

याच शब्दाने पत्रांची साखळीही बांधली जाई. उत्तर लिहिताना आलेल्या पत्रातील मजकूर आधी थोडक्यात उद्धृत करायचा, ‘म्हणोन लिहिले ते कळले’ असे नोंदवायचे आणि मगच आपले म्हणणे मांडायचे, ही पद्धत होती. प्रत्येक पत्राच्या पोटात त्यामुळे आधीचे पत्र असे. बाख्तीनने परोक्तीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या वचनाला आपल्या वाक्यात जागा देण्याच्या, प्रक्रियेला कादंबरीच्या विचारात मध्यवर्ती स्थान दिले. मराठीत कादंबरी यायला अजून अवकाश होता. परंतु दोन-तीन आवाज एका वाक्यात धरून त्यांच्यातील अंतर न बुजवण्याचे कसब राजनैतिक पत्रांतील गद्याने कमावलेले होते. बखरकार पात्रांच्या तोंडी भाषणे घालतो ती प्रसंगाला शोभतील अशी रचून. वकिलाला ती मुभा नसते. त्याच्या पत्रातील संवाद ही त्याच्यापाशी ठेवलेली अनामत असते.

जे लिहायचे नाही त्याचीही या प्रकारात सोय होती. पत्र घेऊन येणारा मनुष्य अमुक मजकूर मुखजबानी निवेदन करील, असे लिहून लेखक थांबे. अशा जागी संहिता स्वतःची अपूर्णता जाहीर करते आणि तिचा उरलेला भाग एका माणसाच्या स्मरणात प्रवास करतो. आजच्या वाचकाच्या हाती पडतो तो या अर्थाने निम्माच पत्रव्यवहार होय.

३

नागपूरच्या दरबारावर पत्र लिहिण्यासंबंधीचे पहिले बंधन इंग्रजांनी घातले नाही. ते पुण्याने घातले. जानोजी भोसले आणि माधवराव पेशवे यांच्यात १७६९ मध्ये कनकापूर येथे जो तह झाला, त्यातील काही कलमांचा आशय असा होता की, भोसल्यांनी पेशव्यांच्या संमतीवाचून दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज इत्यादी परक्या सत्तांशी राजकारण करू नये. फौज, खंडणी आणि नोकरी यांच्या जोडीला पत्रव्यवहारही तहाचा विषय झाला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मराठी राज्याच्या अंतर्गत रचनेत सार्वभौमत्वाची कसोटी कोणाला कळलेली होती, हे तीवरून दिसते. ज्याला परक्यास पत्र लिहिण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, तो धनी. जानोजींच्या मृत्यूनंतर (१७७२) साबाजी आणि मुधोजी या भावांत कलह माजला आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेल्यावर सत्ता मुधोजींच्या हाती आली. त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत नागपूरने जो पत्रव्यवहार केला, तो पाहता कनकापूरचे हे कलम व्यवहारात मोडीत निघाले होते असेच म्हणावे लागते.

या काळाचा धागा दूरवर अमेरिकेपर्यंत पोहोचतो. बंडखोर अमेरिकी वसाहती आणि फ्रान्स यांच्यात ६ फेब्रुवारी १७७८ रोजी पॅरिस येथे तह झाला आणि त्यातून इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध उद्भवले. त्याची वार्ता जुलैमध्ये कलकत्त्यास येताच वॉरन हेस्टिंग्जने चंद्रनगर ताब्यात घेतले. फ्रेंचांचे पुण्यात सूत जुळू नये म्हणून मराठ्यांपैकी कोणीतरी एक इंग्रजांच्या बाजूस असावा, असे त्याच्या मनाने घेतले, आणि त्याची नजर नागपूरकडे वळली. आपला विश्वासू चिटणीस अलेक्झांडर इलियट याला त्याने मुधोजींकडे रवाना केले. चंद्रनगरहून निसटलेला फ्रेंच गव्हर्नर शव्हालिये कटकला भोसल्यांच्या सुभेदाराच्या आश्रयास गेला होता; त्याला वाटेत हस्तगत करून इलियट पुढे निघाला. परंतु सप्टेंबर १७७८ मध्ये सारंगगडच्या मुलखात त्याचा तापाने अंत झाला आणि हेस्टिंग्जचे बोलणे नागपूरपर्यंत त्याच्या मुखाने पोहोचलेच नाही. जे समक्ष बोलायचे ते आता पत्रांनी करणे आले. साताऱ्याचे रामराजे १७७७ च्या अखेरीस निवर्तले होते. भोसले या आडनावाच्या बळावर मुधोजींनी साताऱ्याच्या गादीवर हक्क सांगावा व इंग्रजांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, अशी हेस्टिंग्जची कल्पना होती. मुधोजींनी ती स्पष्टपणे स्वीकारली नाही आणि झिडकारलीही नाही.

या सावध संदिग्धतेमागे दिवाण दिवाकर पुरुषोत्तम ऊर्फ देवाजीपंत चोरघडे यांची बुद्धी होती. मराठेशाहीतील ‘साडेतीन शहाण्यां’त लोकपरंपरेने त्यांची गणना केली आहे. देवाजीपंतांचे शहाणपण कशात होते, हे सांगताना बहुधा आख्यायिकांचा आधार घेतला जातो. तो न घेता १७७९ ते १७८१ या वर्षांतील पत्रव्यवहाराच्या रचनेकडे पाहिले तर ते अधिक उघड होते. इंग्रजांविरुद्ध पुणे, हैदराबाद, हैदर आणि नागपूर यांचा चौरंगी संघ जुळत होता आणि त्यात बंगालवर स्वारी करण्याचे काम नागपूरच्या वाट्यास आले. मुधोजींचे पुत्र चिमणाजी यांच्या हाताखाली मोठी फौज १७७९ च्या अखेरीस निघाली आणि रेंगाळत रेंगाळत १७८० च्या उन्हाळ्यात कटकला पोहोचली. याच मोहिमेचे पुण्याला जाणारे वर्णन वेगळे होते आणि कलकत्त्याला जाणारे वेगळे. पुण्याला कळवायचे ते संघातील वचन पाळल्याचे. कलकत्त्याला सुचवायचे ते, फौज नाइलाजाने निघाली असून तिच्या वाटचालीचा वेग सलोख्याच्या आशेने ठरतो आहे, असे. दोन्ही मजकुरांना एकाच घटनेचा आधार होता. फौज निघाली हे खरे होते, ती सावकाश जात होती हेही खरे होते. खोटे असे कोठेच लिहावे लागले नाही. केवळ वाचकाप्रमाणे अर्थाचा भार हलवला गेला. अखेर १७८१ मध्ये समझोता झाला, सोळा लाख रुपयांच्या आसपास रक्कम नागपूरच्या फौजेकडे गेली आणि बंगालवरील स्वारी टळली. त्याच वर्षी देवाजीपंतांचे निधन झाले.

या प्रकरणाचा नैतिक निवाडा इतिहासकारांनी आपापल्या परीने केलेला आहे. राष्ट्रीय दृष्टीच्या लेखकांनी मुधोजींना संघाशी दगा केल्याबद्दल दोषी धरले आहे. वाङ्मयीन दृष्टीने पाहणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. संहितेचा अर्थ वाचकसापेक्ष असतो, हा सिद्धान्त समीक्षेत अलीकडे फार चर्चिला गेला. नागपूरच्या चिटणिसांना आणि पारसनिसांना तो रोजच्या व्यवहारात हाताळावा लागत होता. कारण पुण्याचा मजकूर मराठीत, मोडीत आणि ‘विज्ञापने’च्या सुरात जायचा, तर कलकत्त्याचा फारसीत, मैत्री आणि एकदिलीच्या अलंकृत परिभाषेत. भाषा बदलली की नातेही बदलत असे. मराठीत सेवकत्वाची आणि वडीलधारेपणाची जी अटळ उतरंड होती, ती फारसी खलित्यात दोन सरदारांच्या समान स्नेहात विरघळत असे. कनकापूरच्या कलमातून सुटण्याची एक वाट अशी भाषेतूनच निघाली होती.

वकिलाची निष्ठा हा या व्यवहारातला दुसरा कठीण प्रश्न. भोसल्यांचा कलकत्त्यातील वकील बेणीराम पंडित हेस्टिंग्जच्या इतका निकट गेला की, ऑगस्ट १७८१ मध्ये काशीस चेतसिंगाचा उठाव होऊन हेस्टिंग्जला चुनारला पळ काढावा लागला, तेव्हा बेणीराम आणि त्याचा भाऊ विश्वंभर त्याच्यासोबत होते व त्यांनी त्याला एक लाख रुपयांची उचल दिली. हेस्टिंग्जने आपल्या निवेदनात त्याची कृतज्ञ नोंद केली आणि पुढे बेणीरामला जहागीरही मिळाली. बेणीराम कोणाचा वकील होता, असा प्रश्न यावर सहज उभा राहतो. पण वकिलाचे पत्र विश्वसनीय व्हायचे तर त्याला परदरबाराच्या आतल्या गोटात शिरावे लागते आणि आत शिरला की त्याच्या विश्वसनीयतेवर सावली पडते. हा पेच व्यक्तीचा नाही, त्या भूमिकेचाच आहे. वकिलाच्या पत्रातील निवेदक एकाच वेळी दोन घरांचा असतो, आणि त्याच्या गद्यातील ताण येथून येतो.

४

याच दशकांत अटलांटिकच्या पलीकडे एक नवे राज्य पत्रव्यवहारातूनच आकाराला येत होते. अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने २९ नोव्हेंबर १७७५ रोजी परदेशांशी संपर्क साधण्यासाठी जी समिती नेमली, तिचे नावच ‘गुप्त पत्रव्यवहार समिती’ असे होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानंतर सात महिन्यांनी आला. म्हणजे राष्ट्र जाहीर होण्यापूर्वी त्याने पत्र लिहायला आरंभ केला होता. आपण पत्र लिहू शकतो आणि त्याला उत्तर येते, हाच त्या सत्तेच्या अस्तित्वाचा पहिला पुरावा होता. पुढे राज्यघटनेने घटक राज्यांना परक्या सत्तांशी तह करण्यास मनाई केली, आणि ३० जानेवारी १७९९ च्या लोगन कायद्याने खाजगी नागरिकाने परराष्ट्राशी अनधिकृत राजकीय पत्रव्यवहार करणे हा गुन्हा ठरवला. कनकापूरच्या कलमामागील विचार आणि या तरतुदींमागील विचार एकाच जातीचे आहेत : संघराज्याचे ऐक्य टिकवायचे तर परक्याशी बोलणारे तोंड एक हवे. अमेरिकेत ते कलम टिकले, कारण त्यामागे सर्वांनी मान्य केलेली घटना होती. मराठी राज्यात ते टिकले नाही, कारण त्यामागे पेशव्यांच्या फौजेखेरीज दुसरे काही नव्हते.

दोन्हीकडील पत्रलेखनात एक महत्त्वाचा भेदही आहे. अमेरिकी मुत्सद्द्यांच्या पत्रांना लवकरच तिसरा वाचक लाभला. फ्रान्सकडे पाठवलेल्या वकिलांची खलबते उघड करणारी पत्रे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी एप्रिल १७९८ मध्ये काँग्रेसपुढे ठेवली. फ्रेंच मध्यस्थांच्या नावांऐवजी त्यांत केवळ अक्षरे घातलेली होती. ती पत्रे छापली गेली आणि गावोगावी वाचली गेली. अ‍ॅडम्स आणि जेफर्सन यांनी राजकारणातून निवृत्त झाल्यावर १८१२ पासून १८२६ पर्यंत एकमेकांना जी पत्रे लिहिली, त्यांत भावी पिढीच्या वाचकाचे भान जागोजाग आहे. नागपूर, पुणे आणि कलकत्ता या त्रिकोणातील मराठी पत्राला असा तिसरा वाचक नव्हता. ते छापले जाईल ही कल्पना त्याच्या लेखकाला शिवणे शक्य नव्हते; मराठी ऐतिहासिक पत्रे पद्धतशीरपणे छापली जाऊ लागली ती १८७८ मध्ये पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाल्यावर. म्हणून मराठी पत्रात आत्मसमर्थन थोडे आणि जबाबदारी अधिक असते. त्याची काटकसर आणि त्याची धार या दोहोंचे कारण हेच आहे. अमेरिकेत ही परंपरा राष्ट्रीय वाङ्मयाचा भाग म्हणून मान्यता पावली. जेफर्सनच्या समग्र पत्रांचा पहिला खंड प्रिन्स्टनहून १९५० मध्ये निघाला. त्याच वर्षी नागपुरात सिन्हांचा पहिला खंड निघाला, पण त्यातील आवाज रेसिडेंटांचा होता.

५

दुसऱ्या रघूजींच्या कारकिर्दीत (१७८८ ते १८१६) नागपूरला पत्र लिहिण्याचा अधिकार होता आणि तो टिकवण्याची जाणीवही होती. मार्च १७९९ मध्ये कंपनीचा वकील म्हणून हेन्री टॉमस कोलब्रुक नागपुरात आला. हिंदू धर्मशास्त्राच्या बृहत्संग्रहाचा त्याने केलेला अनुवाद नुकताच कलकत्त्यास प्रसिद्ध झाला होता. रघूजींना कंपनीच्या तैनाती व्यवस्थेत आणणे हे त्याचे काम. दोन वर्षे तो येथे राहिला. आदरसत्कारात उणे पडले नाही. आणि १८०१ मध्ये तो हात हलवीत परत गेला. संस्कृतातील टीकाकारांची वचने उलगडणाऱ्या या पंडिताला नागपूर दरबाराच्या सौजन्यातून नकारापलीकडे काही काढता आले नाही.

पुढे दोनच वर्षांत चित्र पालटले. अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. तहावर रघूजींच्या वतीने यशवंतराव रामचंद्र आणि कंपनीच्या वतीने आर्थर वेलस्ली यांनी सह्या केल्या. या तहाने कटक आणि बालेश्वरचा मुलूख कंपनीकडे गेला. बंगाल आणि मद्रास यांमधील इंग्रजांची डाक याच मुलखातून भोसल्यांच्या संमतीने चालत असे. म्हणजे इंग्रजांचा पत्रव्यवहार काही अंशी नागपूरच्या मर्जीवर अवलंबून होता. देवगावने हे नाते उलटे केले. मुलखाबरोबर पत्रांची वाटही गेली.

तहाच्या अर्थाविषयीही लगेच वाद उपस्थित झाला. कंपनीने युद्धकाळात भोसल्यांच्या मांडलिकांशी जे करार केले असतील ते भोसल्यांनी मान्य करावेत, असे एक कलम होते. त्याच्या आधारे संबळपूर आणि पाटणा हे प्रदेश आपल्या छायेखाली आल्याचे इंग्रजांनी सांगितले. रघूजींनी कलमाचा असा अर्थ आपल्याला अभिप्रेत नव्हता असे म्हटले. दोन भाषांत बोलणे झालेल्या, एका बाजूने घाईने मान्य केलेल्या मजकुराचे हे दोन अन्वय होते. कंपनीचे धोरण बदलल्यावर १८०६ मध्ये हे प्रदेश परत करण्यात आले. पण संहितेच्या अर्थाचा अंतिम अधिकार कोणाकडे आहे, हे या परत करण्यातूनही सूचित झाले. अर्थ बदलला तो नागपूरच्या युक्तिवादाने बदलला नाही, कलकत्त्याच्या इच्छेने बदलला.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०४ मध्ये रेसिडेंट म्हणून नागपुरात दाखल झाला आणि त्याच्यामागून रिचर्ड जेंकिन्स आला. आता परदरबाराचा वकील नागपुरात कायमचा बसला. पूर्वी नागपूरचा वकील कलकत्त्याहून लिहीत असे, आता कलकत्त्याचा वकील नागपूरहून लिहू लागला, आणि नागपूर लिहिणाऱ्याच्या जागेवरून लिहिल्या जाणाऱ्याच्या जागेवर आले. त्याचा शेवट २७ मे १८१६ च्या तैनाती तहाने झाला. रघूजी मार्चमध्ये वारले होते. वारस परसोजी दुबळे. आणि कारभार हाती ठेवू पाहणाऱ्या आप्पासाहेबांनी हा तह रात्री गुप्तपणे केला. कंपनीच्या संमतीवाचून अन्य सत्तांशी बोलणे चालवायचे नाही, ही त्याची एक प्रमुख अट होती. कनकापूरचे कलम सत्तेचाळीस वर्षांनी परत आले. फरक एवढाच की या वेळी ते लादणाऱ्यापाशी ते पाळून घेण्याचे सामर्थ्य होते.

त्यानंतरच्या घटना या कलमाभोवतीच फिरतात. पुण्याच्या बाजीरावांशी आप्पासाहेबांचा गुप्त संपर्क चालू राहिला. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनी पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रे भर दरबारात स्वीकारली. जेंकिन्सने त्या समारंभाला जाण्याचे नाकारले. आणि दोन दिवसांनी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाईला तोंड लागले. वस्त्रे स्वीकारणे हे पत्राचेच एक रूप होते : पुण्याशी आपले जुने नाते अद्याप चालू आहे, असे ते सर्वांदेखत सांगत होते. सांगण्याचा तो अधिकार नागपूरपाशी उरलेला नाही, हे सीताबर्डीने ठरवले.

६

यानंतर नागपुरात जे महत्त्वाचे मराठी गद्य लिहिले गेले ते पत्र नव्हते, बखर होती. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ जेंकिन्सच्या काळात, त्याच्या सांगण्यावरून सिद्ध झाली. जेंकिन्सला नागपूरच्या मुलखाविषयी माहिती हवी होती; त्याचा विस्तृत अहवाल १८२७ मध्ये छापला गेला. बखरीची योग्यता यामुळे उणावत नाही. काशीरावांपाशी दरबारी परंपरेची माहिती होती आणि ती त्यांनी निष्ठेने नोंदवली. परंतु या गद्याचा वाचक बदललेला आहे, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. वकिलाचे पत्र धन्याला उद्देशून, घटना चालू असताना, तिच्यावर परिणाम घडवण्यासाठी लिहिलेले असे. बखर सत्ता गेल्यानंतर, नव्या सत्ताधीशाच्या जिज्ञासेसाठी, घडून गेलेल्याचा वृत्तान्त म्हणून लिहिली गेली. पत्रात क्रियापदांचा ओढा पुढे काय करावे याकडे असतो. आज्ञा व्हावी, उत्तर यावे, बंदोबस्त व्हावा. बखरीत तो मागे वळतो. पत्रातील बोलण्याची जबाबदारी कोणाची हे नेमके ठाऊक असते. बखरीत ते बोलणे वंशाच्या कीर्तीचा भाग होऊन जाते. दुसऱ्याला उद्देशून लिहिण्याचा अधिकार गेल्यावरच समाज स्वतःविषयी, आणि तेही दुसऱ्याने विचारल्यावरून, लिहू लागतो, असे नागपूरचे उदाहरण सांगते.

मराठी वाङ्मयेतिहासाच्या प्रचलित मांडणीला यातून एक गंभीर प्रश्न उभा राहतो. बखरीला वाङ्मय आणि पत्राला साधन मानताना, पराधीनतेच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे लिहिल्या गेलेल्या काही बखरींना आपण मराठी गद्याचा मानबिंदू ठरवतो आणि स्वाधीन काळातील कार्यप्रवण गद्याला दप्तराच्या कपाटात ठेवतो. सर्वच बखरी अशा नाहीत, हे मान्य; सभासदाची बखर छत्रपती राजारामांच्या आज्ञेने जिंजीस लिहिली गेली. तथापि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी गद्याने कमावलेली सूक्ष्मता, अनेक आवाज वेगळे राखण्याचे कसब, ऐकीव आणि प्रत्यक्ष यांतील विवेक, आणि मौनाचा अर्थपूर्ण वापर ही सारी पत्रांतून सिद्ध झाली, बखरींतून नव्हे. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा उगम केवळ इंग्रजी निबंधात आणि भाषांतरित पाठ्यपुस्तकांत शोधण्याची सवयही या उपेक्षेतूनच लागली आहे. मध्ये पडलेला खंड भाषेच्या दारिद्र्याचा नव्हता. एका राजकीय अधिकाराच्या लोपाचा होता.

या पत्रांचे वाङ्मयीन वाचन करायचे तर काही तयारी लागेल. मोडी वाचता येणे ही पहिली अट. छापील संग्रहांत संपादकांनी घातलेली विरामचिन्हे आणि केलेले परिच्छेद बाजूला ठेवून मूळ ओळीचा प्रवाह पाहणे, ही दुसरी. मराठी पत्र आणि त्याच प्रसंगीचे फारसी पत्र शेजारी ठेवून एका आशयाच्या दोन रूपांचा तौलनिक अभ्यास करणे, ही तिसरी. नागपूरच्या बाबतीत मेणवलीचे कागद आणि कलकत्त्याचे फारसी सूचिखंड त्यासाठी उपलब्ध आहेत. मायन्यांचा आणि ‘म्हणोन’सारख्या रचनांचा पद्धतशीर कोश तयार झाल्यास शैलीविज्ञानाला भक्कम पाया मिळेल. हे काम इतिहास विभाग करणार नाहीत, कारण त्यांना पत्रातून घटना हवी असते. ते मराठी विभागांनी करायचे आहे. आणि भोसल्यांच्या राजधानीत जिथे विद्यापीठ आहे, तिथे ते सुरू होण्यास फार मोठ्या निमित्ताची गरज नाही.